सुरक्षा सप्ताहाचे स्टॉल: आधी हात चुकू द्या

वाचकाचं पत्र: "चाकणजवळच्या आमच्या कारखान्यात प्रेस शॉप आणि मशीन शॉप आहे. कायमचे आणि कॉन्ट्रॅक्टचे धरून 360 कामगार, तीन शिफ्ट. दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, झेंडा, शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि साहेबांचं भाषण होतं. लोक येतात, चहा-वडा घेतात, जातात. यंदा मॅनेजमेंट म्हणतंय, लोकांना स्वतः हात लावून बघता येईल असं काहीतरी करा. बजेट 25 हजार. एक इव्हेंटवाला व्हीआर चष्मा भाड्याने द्यायला तयार आहे आणि एचआरला तो फार आवडलाय. कॅन्टीनशेजारची शेड मिळेल, माणशी फार तर अर्धा तास सोडतील. काय मांडावं, कसं मांडावं? आणि उपयोग झाला की नाही हे कळणार कसं?" – एक सुरक्षा अधिकारी

व्हीआर चष्म्याचा हिशेब आधी करू, म्हणजे तो विषय मिटेल. एका माणसाला चष्मा चढवायचा, समजावायचं, दाखवायचं, पुसून पुढच्याला द्यायचा, याला चार मिनिटं धरा. एका शिफ्टला 120 माणसं. झाली 480 मिनिटं, म्हणजे आठ तासांची अख्खी शिफ्ट, मधे जेवणाची सुट्टी न घेता. प्रत्यक्षात दहा-पंधरा जण बघतील, त्यांत बरेचसे ऑफिसचे असतील आणि लाईनवरचा माणूस रांगेतून परत जाईल. एचआरला हाच हिशेब कागदावर मांडून द्या, वाद घालावा लागणार नाही.

आता काय मांडायचं. यासाठी इंटरनेट उघडू नका, फर्स्ट एडचं रजिस्टर उघडा. नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर बरेचदा तिमाही टार्गेट भरण्यासाठी लिहिलेलं असतं, पण चिकटपट्टी कुणाला, कुठे आणि किती वाजता लावली हे फर्स्ट एडवाला खरं लिहितो. गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी बोट, डोळा, पाय, पाठ अशा लावा आणि सगळ्यांत जास्त भरलेले तीन-चार रकाने उचला. तुमचं रजिस्टर आम्ही पाहिलेलं नाही. पण प्रेस शॉप आणि मशीन शॉप म्हटल्यावर फिरत्या चकजवळचा (चक म्हणजे लेथवर जॉब पकडून फिरवणारा भाग) हात, मेंटेनन्सच्या वेळी न लावलेलं कुलूप, नीट न बसलेला इअरप्लग आणि कूलंटवरून घसरलेला पाय, हे चार बहुधा निघतीलच. त्या चारांवर चार स्टॉल. पाचवा काढू नका.

प्रत्येक स्टॉलचा साचा एकच ठेवा. माणसाने आधी अंदाज सांगायचा, मग करून बघायचं, अंदाज चुकायचा, आणि मग "आपल्या मशीनवर हे कुठे होतं?" हा प्रश्न. अंदाज घेतल्याशिवाय काहीही दाखवू नका. नुसतं दाखवलं की समोरचा "हो, माहितीये" म्हणतो. आधी बोलून बसला असेल तर तसं म्हणायची सोय उरत नाही. अंदाज घ्यायला कागद-पेन नको, कॉन्ट्रॅक्टच्या मुलांना ती परीक्षा वाटते आणि नापास झालो तर गेटपास जाईल अशी धास्ती असते. स्टोअरमधून एम 8 चे नट घ्या, पारदर्शक बरण्या घ्या, "हो" आणि "नाही" लिहा. माणूस आपला नट एका बरणीत टाकतो आणि पुढे होतो. नाव कुठेही लिहायचं नाही. शिफ्ट संपली की नट मोजा, आकडा वहीत लिहा, बरण्या रिकाम्या करा. हे आकडे पुढे कामाला येतात.

पहिला स्टॉल पट्टीचा. सगळ्यांत स्वस्त आणि, आमच्या मते, सगळ्यांत बोलका. साधारण 70 सेमी लांब, 4 सेमी रुंद लाकडी पट्टी. खालच्या टोकापासून 5 सेमीवर शून्याची रेघ मारा आणि त्या रेघेपासून वर 5, 11, 20, 31, 44 आणि 60 सेमीवर खुणा करा. एकाने पट्टी वरून धरून उभी लोंबती ठेवायची, दुसऱ्याने शून्याच्या रेघेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवून सोडली की पकडायची. पट्टी पडताना गुरुत्वाकर्षण स्वतःच वेळ मोजतं. 5 सेमीला 0.10 सेकंद, 11 ला 0.15, 20 ला 0.20, 31 ला 0.25, 44 ला 0.30 आणि 60 ला 0.35. पण पट्टीवर सेकंद लिहू नका, सेकंदाच्या दशांशाने कुणाला काही वाटत नाही. त्याऐवजी चकचे फेरे लिहा. 600 आरपीएमला चक सेकंदाला दहा फेरे मारतो, म्हणजे त्याच खुणांवर क्रमाने 1, दीड, 2, अडीच, 3 आणि साडेतीन. माणूस 20 सेमीवर पट्टी पकडतो, खुशीत येतो आणि बोटाखालचा आकडा वाचतो: "दोन फेरे". हातमोज्याचा धागा चकला लागल्यापासून मेंदूला कळून हात हलेपर्यंत तो दोनदा गुंडाळून झालेला असतो. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे का नको, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्याकडे 1200 आरपीएमवर काम चालत असेल तर आकडे दुप्पट करून लिहा. आपल्या मशीनचा आकडा असला की माणूस पट्टी उलटीपालटी करून बघतो.

नट टाकताना विचारायचा प्रश्न हा: "धागा अडकला तर एक फेरा पूर्ण व्हायच्या आत हात मागे घेशील का?" दुसऱ्या फेरीला त्याच माणसाला 100 मधून सात-सात वजा करत मोठ्याने मोजायला लावा आणि मधेच पट्टी सोडा. बहुतेकांचा आकडा वाढतो, काहींच्या हातून पट्टी सरळ निसटते. मशीनवर उभं राहून फोनवर बोलण्याबद्दल जे सांगायचं होतं ते इथे सांगून होतं. हेही सांगा की इथे तो पट्टीकडे टक लावून, तयारीत उभा होता. लेथवर असा कोण उभा असतो?

या स्टॉलवर बिघडतं ते असं. पट्टी धरणारा सोडण्याआधी नकळत बोटं सैल करतो आणि समोरचा ते हेरतो, म्हणून समोरच्याने वर न बघता शून्याच्या रेघेवर नजर ठेवायची. बोटांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असलं तर निकाल भलतेच येतात, त्यासाठी 3 सेमी जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. बोटं त्यावर मापायची, ठोकळा काढायचा, मग सोडायची. काहीजण हात खाली नेऊन पट्टी "गाठतात". मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की ते बंद होतं. दहा जणांच्या गटाला पाच पट्ट्या लागतील, सहा करून ठेवा, एक तरी फुटतेच.

आणि एक अगदी महत्त्वाचं. "सर्वांत चपळ हात" असं बक्षीस ठेवू नका. मोह होईल, साहेबही सुचवतील. पण ज्याला ते बक्षीस मिळेल तो उद्यापासून गार्ड उघडा ठेवून काम करताना जास्त निर्धास्त होईल. प्रेसवरच्या लोकांना याच स्टॉलवर आणखी एक गणित दाखवा. सुरक्षा अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात 40 सेमी आत पोचतो. दोन हातांची बटणं डायपासून "उगाच लांब" का बसवलीत, लाईट कर्टन (हात आड आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) डायकडे सरकवायला मेंटेनन्सवाला का तयार होत नाही, याचं उत्तर त्यात आहे. टेबलावर 40 सेमीची लाल पट्टी चिकटवून ठेवा, बोलायची गरज पडत नाही.

दुसरा स्टॉल कुलपाचा, म्हणजे लोटोचा (लॉकआउट-टॅगआउट: मशीन बंद करून त्यावर कुलूप आणि टॅग लावणं) बोर्ड. बाजारात तयार बोर्ड मिळतात, ते चकचकीत असतात आणि त्यांत कुलूप लावलं की सगळं सुरळीत बंद होतं. हीच त्यांची खोट आहे. तुमचा बोर्ड फसवणारा हवा. 12 मिमी प्लाय, तीन फूट बाय दोन फूट. पुढे कुलूप लावायची सोय असलेला रोटरी आयसोलेटर (सप्लाय तोडणारा फिरता स्विच), हिरवं स्टार्ट बटण, जाळीसकट 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा 120 मिमी पंखा, एक लाल आणि एक पिवळा एलईडी. सप्लाय 12 व्होल्टच्या ॲडॉप्टरचा. 230 व्होल्ट बोर्डावर आणूच नका, अगदी इलेक्ट्रिशियन हौसेने तयार असला तरी.

आयसोलेटरच्या पुढे लाल एलईडी एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडा, आणि स्टार्ट बटणातून पंखा. आता फसवणूक. प्लायच्या मागे आठ पेन्सिल सेलचा होल्डर लावा, तेही 12 व्होल्टच होतात. त्याची वायर आयसोलेटरला वळसा घालून थेट स्टार्ट बटणावर आणा. दोन्ही वाटांवर एकेक 1एन4007 डायोड बसवा, नाहीतर मागचा सप्लाय उलटा येऊन लाल एलईडी पेटता ठेवेल आणि गुपित फुटेल. माणूस आयसोलेटर फिरवतो, लाल दिवा जातो, कुलूप लावतो, टॅग अडकवतो. "मशीन मेलं का?" विचारा, नट टाकायला लावा. बहुतेक "हो" च्या बरणीत जातील. मग स्टार्ट दाबायला सांगा. पंखा फिरतो. दुसरी फीड, म्हणजे कंट्रोल सप्लाय, शेजारच्या पॅनेलमधून आलेली इंटरलॉकची वायर किंवा जनरेटरची लाईन, हे सगळं कारखान्यात खरोखर असतं, आणि कुलपानंतर स्टार्ट दाबून बघायची पायरी याच्यासाठीच आहे. ती पायरी खातात, कारण तिला कुलूपही नाही आणि टॅगही नाही, फोटोत दिसत नाही. दाबायच्या आधी सगळ्यांचे हात मशीनबाहेर आहेत हे बघायचं आणि बघून झाल्यावर सिलेक्टर, बटण परत बंद स्थितीत आणायचं, हेही तिथेच करून घ्या. बारा व्होल्टच्या पंख्यावर लागलेली सवय उद्या खऱ्या प्रेसवर जाणार आहे. इलेक्ट्रिकल काम असेल तर टेस्टरने व्होल्टेज तपासणं वेगळं, हे इलेक्ट्रिशियन मंडळींना आठवण म्हणून सांगा.

पिवळा एलईडी साठलेल्या विजेसाठी. आयसोलेटरनंतर एक डायोड, 47 ओहमचा रेझिस्टर, मग 4700 मायक्रोफॅरॅड 25 व्होल्टचा कपॅसिटर, आणि त्यावर 10 किलोओहममधून पिवळा दिवा. आयसोलेटर बंद केल्यावर लाल दिवा क्षणात जातो, पिवळा मात्र हळूहळू मंद होत मिनिटभर तरी रेंगाळतो. व्हीएफडी ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीच्या) झाकणावर "इतकी मिनिटं थांबा" का लिहिलेलं असतं ते इथे डोळ्यांनी दिसतं. कपॅसिटरचे प्लस-मायनस उलटे जोडले तर तो फुगतो, प्रसंगी फुटतो. वायरिंग मेंटेनन्सच्या माणसाकडून करून घ्या आणि मागून ॲक्रिलिकचं झाकण ठोका.

प्रेस शॉप आहे म्हणून वजनाचाही एक नमुना बाजूला ठेवा. 60 मिलीची सिरिंज उभी क्लॅम्प करा, नळीने छोट्या कॉकला जोडा, पाणी भरा आणि दांड्यावर दोन किलोचं वजन. "पंप बंद आहे, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वर आहे. हात घालशील?" कॉक उघडला की वजन खाली. मग खाली लाकडी ठोकळा ठेवून तेच पुन्हा. एवढं दोन किलोचं वजन अशासाठी की सिरिंजच्या रबराचं घर्षण बरंच असतं; अर्धा किलो ठेवलं तर कॉक उघडूनही ते तसंच वर बसून राहतं आणि डेमो पडतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर वजन आधीपासून हेलकावे खातं, तो काढून टाका.

या स्टॉलला दोन बोर्ड करा, पाच-पाच जणांना एक. सहा भोकांच्या हॅस्पवर (एकाच आयसोलेटरला अनेक कुलपं लावता येणाऱ्या पकडीवर) पाच जणांची पाच कुलपं आणि सहावं गटाच्या सुपरवायझरचं. प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. मग एकाला "तुझं काम झालं" म्हणून कुलूप काढायला सांगा आणि आयसोलेटर चालू करायला लावा. बाकीची पाच कुलपं असताना हॅस्प उघडत नाही, हे हाताला कळतं. तुमचे 25 हजार मुख्यतः इथे लागतील, तेही मेंटेनन्सकडे कुलपं आणि हॅस्प आधीपासून नसतील तरच. असतील तर तीच वापरा. लोकांनी उद्या जे वापरायचं तेच हाताळलेलं बरं.

तिसरा स्टॉल इअरप्लगचा, आणि तो फार लांबवायचं कारण नाही. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, डोक्यावरून उलटा हात आणून कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत, साधारण तीस सेकंद, बोटाने दाबून धरायचा. ही तीस सेकंदं कुणी धरत नाही, म्हणून प्लग बाहेर येतो आणि माणूस म्हणतो "यात काही फरक पडत नाही". टेबलावर आरसे ठेवा. ब्लूटूथ स्पीकरवर प्रेस शॉपचं रेकॉर्डिंग लावा, आणि कारखान्याच्या साउंड लेव्हल मीटरने कानाजवळ 80 ते 85 डेसिबल भरेल इतकंच ठेवा, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. पहिल्यांदा नेहमीसारखा लावू द्या. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबायला सांगा. तळवे दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला तर प्लग बसलेलाच नव्हता. आता रीतसर लावू द्या, पुन्हा तळवे. जोडीदाराने समोरून बघायचं: प्लगचं टोक बाहेर डोकावत असेल तर आणखी आत जायला हवा. हात कूलंटचे, ऑइलचे असतात, म्हणून स्टॉलच्या अलीकडे साबण-पाण्याची बादली आणि टिश्यू ठेवा. आणि माणशी एक नवा जोड. वापरलेला परत घेऊन दुसऱ्याला देऊ नका, 360 माणसं म्हणजे 400 जोड मागवा.

चौथा स्टॉल पायाचा. चार फुटी, फूटभर रुंद फळी घ्या आणि तिच्यावर तुमच्या शॉपफ्लोअरचाच उरलेला इपॉक्सी रंग लावा. गुळगुळीत सनमायका लावून घसरण दाखवू नका, लोक लगेच म्हणतात, "आपली फरशी अशी नाही." दोन बूट ठेवा, एक नवा सेफ्टी शूज, एक स्क्रॅपमध्ये टाकलेला, तळवा झिजून सपाट झालेला. प्रत्येकात दोन किलो वाळूची पिशवी. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं आणि बूट कोणत्या उंचीला घसरतो ते शेजारच्या उभ्या पट्टीवर बघायचं. 120 सेमीच्या फळीला टोक 21 सेमीवर म्हणजे 10 अंश, 41 वर 20 अंश, 60 वर 30 अंश. आधी कोरडी फळी, मग पाणी शिंपडून, मग तुमच्या मशीनमधलंच पातळ केलेलं कूलंट. हाच क्रम ठेवा; एकदा कूलंट लागलं की फळी पुन्हा कोरडी व्हायला वेळ जातो. कोरड्या फरशीवर दोन्ही बुटांत फारसा फरक दिसत नाही. फरक कूलंटवर उघडा पडतो, कारण तळव्याच्या खाचा द्रव बाहेर काढून देतात आणि सपाट तळव्याखाली तो अडकून राहतो. प्रश्नही तोच विचारा, "कोरड्यावर दोन्ही सारखे, मग ओल्यावर पण सारखे ना?" बूट ठेवून उगाच गप्पा मारत बसू नका. ओल्या फळीवर तो थोडा वेळ तसाच राहिला की खालचा थर निघून जातो, बूट चिकटतो आणि निकाल उलटा येतो. ठेवल्यावर दहा सेकंदांच्या आत उचलायला घ्या. फळीच्या पायथ्याशी फोम ठेवा आणि खाली रबरी मॅट, नाहीतर सांडलेल्या कूलंटवरून सुरक्षा सप्ताहातच कुणीतरी पडेल.

उंचीवरच्या कामाचा स्टॉल सगळ्यांना दाखवायची गरज नाही. पण पावसाळ्याआधी तुमच्याकडे छतावरचे पत्रे बदलायला कॉन्ट्रॅक्टर येणार असतील, तर त्यांची माणसं आणि मेंटेनन्स यांच्यासाठी एक छोटी गोष्ट करून ठेवा. शिलाईच्या साध्या दोऱ्याला 150 ग्रॅमची वाळूची पिशवी बांधून 40 सेमी दोऱ्यावर हुकाला लोंबकळवा. दोरा आरामात पेलतो. "दोरा मजबूत आहे ना?" मग पिशवी हुकापर्यंत उचलून सोडा. दोरा तटकन तुटतो. पुन्हा तसाच दोरा, पण मधे मास्कला असतं तसं बारीक इलॅस्टिक 40 सेमी जोडा आणि तेवढ्याच उंचीवरून सोडा, दोरा वाचतो. कमरेला नुसती दोरी बांधून "बेल्ट लावलाय" म्हणणाऱ्याला शॉक ॲब्झॉर्बर कशाला असतो ते यातून कळतं. दोऱ्याची जात बदलली की निकाल बदलतो, म्हणून रीळ एकच वापरा, आधी करून बघा, आणि जवळ उभा असेल त्याला गॉगल द्या. पिशवीखाली मोकळी जागा भरपूर ठेवा. इलॅस्टिक ताणलं की ती बरीच खाली येते. त्यांना लगेच खऱ्या मापावर आणा. 2 मीटरचा लॅनयार्ड (बेल्टपासून हुकापर्यंतची दोरी), ॲब्झॉर्बर उलगडला की पावणेदोन मीटरपर्यंत, बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतचं माणसाचं माप दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळं. म्हणजे हुक अडकवला त्या जागेपासून खाली सव्वासहा मीटर रिकामं हवं. शेडच्या खांबावर सव्वासहा मीटरला टेप लावून ठेवा आणि मग त्यांनाच सांगू द्या, आपल्या कोणत्या कामाला तेवढी जागाच नाही.

आगीचा स्टॉल मार्चमध्ये घालू नका. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आहेच, 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटाच्या आठवणीचा. तेव्हा उघड्यावर, अग्निशमन दलाला बोलावून रीतसर करा. शेडमध्ये पावडरचा सिलिंडर उडवला तर पुढचा सगळा वेळ झाडू मारण्यात जातो.

वेळेचं गणित. चार स्टॉल, प्रत्येकी दहा जणांचे चार गट, सहा मिनिटं झाली की शिट्टी, गट पुढच्या टेबलाला. 40 माणसं 24 मिनिटांत पार, आत-बाहेर धरून अर्धा तास. 120 माणसांना तीन फेऱ्या, म्हणजे दीड तास. प्रॉडक्शन मॅनेजरकडे "सगळ्यांना सोडा" म्हणून जाऊ नका. कोणत्या लाईनचे 40 किती वाजता आणि किती वाजता परत, असा तक्ता घेऊन जा, नकार द्यायला जागा उरत नाही. उद्घाटन ठेवायचंच असेल तर आदल्या दिवशी ठेवा. साहेबांनी पट्टी पकडावी आणि स्वतःचे फेरे मोजावेत, फोटोही चांगला येतो. रात्रपाळीला उरलेसुरले नट आणि मोडकी पट्टी मिळत असेल तर तो कार्यक्रम करूच नका; पहिला दिवस रात्रपाळीला द्या, थकवा आणि झोप तिथेच असते.

स्टॉलवर कोण उभं राहणार? तुम्ही नाही. लाईनवरचे आठ ऑपरेटर प्रत्येक शिफ्टला घ्या, त्यांतले निदान दोन कॉन्ट्रॅक्टचे, हिंदी सफाईने बोलणारे. त्यांना तासभर शिकवा आणि फक्त तीन वाक्यं द्या: "काय होईल, सांगा." "आता करून बघा." "आपल्याकडे हे कुठे होतं?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं, ते शिकवायला सगळ्यांत जड जातं. दहा सेकंद शांतता पडली की माणूस स्वतःच भाषण सुरू करतो. आलेलं उत्तर, "तीन नंबर ड्रिलच्या गार्डचा स्क्रू नाही" असं काही, तिथल्या वहीत त्याच शब्दांत लिहायचं. पाट्या मराठी आणि हिंदीत, चार-पाच शब्दांच्या, दोन मीटरवरून वाचता येतील अशा. तुटलेल्या बोटांचे रक्ताळलेले फोटो लावू नका. लोक एकदा बघतात, तोंड फिरवतात आणि पुढच्या टेबलाला जातात.

उपयोग झाला का, हे क्विझ घेऊन कळत नाही, कारण त्यात लोक तुम्हाला हवं ते लिहितात. सप्ताहाच्या आधीच्या महिन्यात मेंटेनन्सची किती कामं झाली आणि त्यांतल्या किती कामांना कुलूप लागलं, ते जॉब स्लिपवरून आत्ताच मोजून ठेवा आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. स्टोअरमधून इअरप्लग किती गेले ते बघा. कुलपाच्या स्टॉलवर "हो" च्या बरणीतले नट प्रत्येक शिफ्टला किती होते हे तुमच्याकडे आहेच. ज्या शिफ्टला ते जास्त, तिच्या टूलबॉक्स टॉकपासून (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-गप्पांपासून) सुरुवात करा. बोर्ड स्टोअरच्या माळ्यावर टाकू नका, मेंटेनन्स रूममध्ये भिंतीवर लावा. नवीन माणूस आला की आधी बोर्डावर, मग मशीनवर.

आणि तिसऱ्या प्रश्नाच्या वह्यांत चाळीस-पन्नास नोंदी येतील, त्यांतल्या सोप्या दहा, म्हणजे गार्डचा स्क्रू, जळलेला बल्ब, तुटलेली जाळी, त्याच आठवड्यात करून टाका आणि कॅन्टीनच्या फळ्यावर लिहा. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये नियर मिसच्या नोंदी वाढतील. हे मॅनेजमेंटला आधीच लेखी सांगून ठेवा, नाहीतर एप्रिलच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये वाढलेल्या आलेखाकडे बोट दाखवून तुमच्याकडेच खुलासा मागतील.